श्वासाच्या खुणा नसलेलं पान

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, तो तीन वर्षांचा असताना. तो रडायला लागला की तीन घरं पलीकडची बाई खिडकी लावून घ्यायची. पुढे त्याच आवाजावर त्याचं पोट चाललं. बसस्थानकावर तो निवेदक होता. एकतीस वर्षं काचेच्या एका खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते त्याने लोकांना सांगितलं. खोलीत एक खुर्ची, एक मायक्रोफोन, भिंतीवर वेळापत्रक आणि कोमट पाण्याचा थर्मास. गार पाणी त्याने भर उन्हाळ्यातही प्यायलं नाही.

“ताई, आवाज सगळ्यांनाच असतो,” तो म्हणायचा. “कळतं ते श्वासामुळे. फलाटाचा आकडा सांगायच्या आधी थांबलं नाही, तर अर्धी माणसं भलतीकडे पळतात. म्हाताऱ्या बायका तर हमखास.”

तेव्हा मी म्हातारी नव्हते, म्हणून हसले होते.

रविवारी तो चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा. त्यासाठी मंडळीने त्याला मोठ्या टाइपातलं पवित्र शास्त्र दिलेलं होतं. शनिवारी तो ते घरी आणायचा आणि उद्याच्या पाठावर पेन्सिलीने खुणा करायचा. अर्ध्या श्वासाला एक रेघ, पुऱ्या श्वासाला दोन. मी कॉलेजात साहित्य शिकले आणि पुढे जन्मभर शिकवलंही, पण वाक्य कुठे मोडावं हे त्याच्याइतकं मला कधी कळलं नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात धाकट्यांचं कौतुक करायची पद्धत नव्हती. वाईट पद्धत.

त्याला झटका आला तो त्या काचेच्या खोलीतच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. “सातची गाडी फलाट क्रमांक” इतकं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. लोक म्हणे माना वर करून कर्ण्याकडे बघत राहिले. आकडा काही येईना. शेवटी झाडू मारणाऱ्या बाईने काचेतून आत डोकावलं.

तीन आठवड्यांनी घरी आणला तेव्हा उजवा हात गेलेला, उजवा पाय ओढत टाकायचा आणि बोलणं गेलेलं. कळत सगळं होतं. तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा.

“पाणी देऊ का?”

“फलाट.”

“डोकं दुखतंय?”

“फलाट.” आणि कुणाला समजलं नाही की तारस्वरात, “फलाट! फलाट!”

माझी भावजय चार दिवसांत त्या एका शब्दाचे सूर शिकली. तहानेचा वेगळा, कूस बदलून द्या म्हणायचा वेगळा. मीही शिकले असते. पण त्याआधी जे झालं ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

चर्चचे पाळक प्रार्थनेला आले होते. पलंगाभोवती आम्ही पाच-सहा जण माना खाली घालून उभे. प्रार्थना लांबली, त्यांची लांबतेच. शेवटी सगळे ‘आमेन’ म्हणालो आणि त्याच क्षणी माझा भाऊ, चर्चमध्ये वाचताना लागायचा त्या खणखणीत आवाजात म्हणाला, “फलाट.”

मी हसले. फस्सकन. पाळकांनी खोकल्याचं सोंग केलं, भावजयीने पदर तोंडाला लावला. भोंग्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी त्याचं काही मोडलं की पाहायचा तसं. त्या दिवसापासून तो शब्दही बंद झाला. तोंडाला कुलूप.

त्यानंतरचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. खोली मागच्या अंगाला, खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. तो दिवसभर त्या टाकीकडे तोंड करून पडलेला. भावजयीने बायबलमधल्या वचनांची कार्डं आणून खोलीभर चिकटवली: कपाटावर, आरशावर, दाराच्या आतल्या बाजूला.

“ताई, वचन डोळ्यांसमोर असलं की बळ येतं.”

“अगं, औषधाच्या डब्यावर ‘सर्वदा आनंदित असा’ लावलंयस. तो डबा उघडला की त्याला मळमळतं.”

ती रडली. मी तशी वाईट बाई नाही, पण जीभ माझी आधी पोचते.

चर्चच्या स्त्रीमंडळाच्या चिटणीसबाई आल्या. त्याचा चांगला हात हातात घेऊन म्हणाल्या, “भाऊ, परमेश्वर सोसवेल तेवढंच देतो.”

“मग यातलं अर्धं तुम्ही न्या घरी,” मी म्हटलं. पुन्हा काही त्या आल्या नाहीत.

मी देव मानते. भांडून मानते, पण मानते. घाईघाईने सांत्वन उरकून चहाकडे वळणारी माणसं मात्र माझ्या डोक्यात जातात.

एका दुपारी पाळकांनी खाकी कागदात गुंडाळून ते मोठ्या टाइपातलं पुस्तक आणून दिलं. “चर्चमध्ये कुणी वापरत नाही आता. घरी असू द्या, आधार होईल.” रविवारी आता बँकेतला एक कारकून वाचायचा, नाकात, आणि त्याला नवी प्रत मिळाली होती. भावाने कागदावर डावा हात ठेवला, आतलं काय ते ओळखलं आणि ढकलून दिलं. धपकन जमिनीवर. पाळकांना वाटलं हात सुटला. मला कळलं: त्याच्या लेखी तो आधार नव्हता, बडतर्फीचा कागद होता. भावजयीने पुस्तक कपाटावर टाकलं.

त्याला बोलायला शिकवायला दर गुरुवारी एक मुलगी यायची, अशा रुग्णांची वाचा परत आणण्याचं शिक्षण घेतलेली. ती चित्रं दाखवायची: किटली, छत्री, चावी. तो एकेक चित्र डाव्या हाताने पालथं घालायचा. साडेचार महिन्यांनी तिने मला दाराशी गाठलं.

“आजी, पहिले सहा महिने हातचे गेले तर पुढे फार कठीण. ते ओठसुद्धा हलवत नाहीत. पुढच्या गुरुवारी येते. तेव्हाही तसंच असेल तर मी थांबवीन. अठरा जण वाट बघताहेत माझी.”

मला ती मुलगी आवडली. गोड बोलली नाही. पण दार उघडं होतं, आणि कान त्याचे पहिल्यापासून तिखट.

त्या संध्याकाळी त्याने जेवण बंद केलं. चमचा ओठांशी नेला की तोंड मिटलेलं. पाणी घ्यायचा, तेही दोन घोट. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत हलवावं लागेल, नळी घालावी लागेल.

भावजय स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. “त्यांना जायचंय, ताई. मला कळतंय. मी अडवू कशी?”

मंगळवारी दुपारी मी तिला जबरदस्तीने बाहेर पाठवलं, डोक्यावरून जरा वारं जाऊ दे म्हणून. कपाटावरून पुस्तक काढलं, खाकी कागद फाडला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. त्याने डोळे मिटले.

काय वाचावं? पानं उलटत गेले. पानापानावर त्याच्या रेघा. इतक्या वर्षांचा त्याचा श्वास होता तो, बारीक पेन्सिलीतला. स्तोत्रांमध्ये आले तर एक पान कोरं. एकही रेघ नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. आमच्या मंडळीत ते कधी लावलंच गेलं नव्हतं, कारण उघड होतं. बाकीची स्तोत्रं रडतात, पण शेवटी डोळे पुसून उठतात. हे उठत नाही. हा माणूस रात्रंदिवस हाका मारतो आहे, जीव दुःखाने भरून गेला आहे, कोंडलेला आहे, बाहेर पडता येत नाही, मित्र दूर गेलेत. आणि शेवटची ओळ अंधारात येऊन थांबते ती थांबतेच. पण एक आहे, सबंध गाऱ्हाणं देवाकडे तोंड करून केलेलं. पाठ फिरवलेली नाही.

मी वाचायला सुरुवात केली. माझं वाचणं म्हणजे वाण्याची यादी. वर्गातही पोरं ओरडायची. चौथ्या ओळीला टण् असा आवाज झाला. सुजलेल्या हातातून काढून त्याची अंगठी डाव्या हाताच्या बोटात घातलेली होती. ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटली होती.

“काय होतंय? दुखतंय का?”

डोळे मिटलेलेच. मी पुढे निघाले. टण्. पुन्हा दोन ओळी. टण्! आता डोळे उघडे, आणि त्यांत पाच महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं. राग होता तो. मी ओळ खाऊन टाकत होते, ते त्याला सहन होत नव्हतं.

“श्वास? इथे थांबू?”

बोट खाली. म्हणजे, नाही. मी एक शब्द मागे गेले. बोट वर.

“मग तूच वाच की! मला कशाला छळतोस?”

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने बराच वेळ टाकीकडे पाहिलं. मग डाव्या हाताची तीन बोटं जुळवून हवेत हलवली. पेन्सिल.

अठरा ओळींना सव्वा तास लागला. डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या रेघा, काही अक्षरांवरूनच गेलेल्या. ‘कोंडलेला आहे’ तिथे त्याने हात थांबवला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पुसलं नाही. शेवटच्या ओळीनंतर त्याने दोन रेघा मारल्या.

“अरे, इथे संपलं. यापुढे काही नाही. श्वास कशाला?”

त्याने त्याच दोन रेघा पुन्हा गिरवल्या, दाबून. मी वाद घातला नाही. भावजय परत आली तेव्हा त्याने वाटीभर सूप घेतलं होतं, अर्धं उशीवर. तिने उशी पाहिली आणि वाटी पुन्हा भरायला गेली.

गुरुवारी ती मुलगी आली. तिने किटली काढली. त्याने किटली बाजूला सारून पुस्तकावर हात ठेवला. ती हुशार होती. पान पाहिलं, रेघा पाहिल्या. “अशा खुणा करून वाचायचे ते? मग सोबत म्हणा, आजी. एरवी न येणारा शब्द कधीकधी सवयीच्या चालीत येतो. सुरुवातीचाच शब्द घेऊ.”

सुरुवातीचा शब्द ‘परमेश्वरा’. शेकडो पाठांत त्याने उच्चारलेला. मी म्हटला. त्याचे ओठ हलले आणि थांबले. तो माझ्याकडे बघत होता. तो कशाला भीत होता ते मला ठाऊक होतं.

“भोंग्या,” मी म्हटलं, “फलाट तर फलाट. ज्याला हाक मारतोयस त्याला कळेल. मी नाही हसणार. तेव्हा हसले ती चूक झाली माझी.”

“फलाट,” तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

“फलाट.”

मुलीने पहिल्या शब्दाआधीची रेघ बोटाने दाखवली. त्याने छाती भरून श्वास घेतला. “पर,” म्हणाला. घाम आला. “मेश्वरा.”

भावजय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मुलगी वहीत काहीतरी लिहू लागली आणि लिहिताना नाक ओढत होती. “पुढच्या गुरुवारी,” ती म्हणाली.

बोलणं परत आलं असं कुणी समजू नये. दोन वर्षांत साधारण चाळीस शब्द आले, त्यांतले निम्मे मला रागवायचे. काचेच्या खोलीत आता यंत्र बोलतं, कुठेही श्वास न घेता. पुष्कळ दिवस असे गेले की तो सकाळपासून टाकीकडे तोंड करून पडे. अशा दिवशी मी किंवा भावजय ते पान काढत असू. आनंदाची कार्डं भावजयीने केव्हा उतरवली कळलंही नाही. डब्यावरचं तिने पाण्याने घासून काढलं.

मी पाळकांकडे गेले. हे स्तोत्र एका रविवारी लावा म्हटलं.

“इतकं उदास? लोकांना काय वाटेल?”

“लोक उदास आहेतच, पाळकसाहेब. तुम्हाला सांगत नाहीत एवढंच.”

लागलं. चाकाच्या खुर्चीतून त्याला वाचनाच्या चौथऱ्याशी नेलं. पहिला शब्द त्याने म्हटला, तुटका, पण मागच्या बाकापर्यंत पोचला. पुढचं मी वाचलं, त्याच्या रेघांवर. त्याचं बोट वर गेलं की थांबत, खाली आलं की निघत. माझ्या आयुष्यात मी तेवढंच एकदा बरं वाचलं असेन. शेवटची ओळ झाली, अंधारावर, आणि मी सवयीने पुस्तक मिटायला घेतलं.

त्याचं बोट वर होतं.

मी थांबले. कारकून, चिटणीसबाई, पाळक, सगळे थांबले. त्या शांततेत माझ्या भावाने पुरा श्वास घेतला, दोन रेघांचा, आणि सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला. मगच त्याने बोट खाली घेतलं आणि मला पुस्तक मिटू दिलं.