मागच्या भिंतीपाशी एक हात

एकट्या शिक्षकाच्या वर्गात घडलेला प्रसंग घरी पोचेपर्यंत विरून जातो, कारण त्याला मोठ्या माणसांपैकी कोणी साक्षीदार नसतो. आमच्या वर्गात शिक्षक दोन. एकाची फजिती दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली असते आणि मधल्या सुट्टीत ती चहाबरोबर तिखटमीठ लावून परत वाढली जाते. अशाने किस्से साठतात, आणि साठले की सांगावेसे वाटतात.

जानेफळहून थोडे आत गेले की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते. मी तिसरीचा, नसीमबाई चौथीच्या. माझे शिक्षण संस्कृत घेऊन झालेले, त्यामुळे मुलांशीही मी ग्रांथिक मराठीतच बोलतो. नसीमबाईंचे माहेर जळगाव जामोदचे. बोली अस्सल वऱ्हाडी आणि आवाज असा की मैदानावरचे मूल हाकेसरशी आत येते.

प्रशिक्षणात ज्याला ‘सहअध्यापन’ म्हणतात, ते आमच्याकडे सुरू झाले चौथीच्या खोलीचे पत्रे वाऱ्याने उडाले म्हणून! शब्द निर्दोष आहे. उगम तेवढा पत्र्यांचा.

पहिल्या दिवशी एकाच खोलीत मी पूर्वेच्या भिंतीशी कविता शिकवीत होतो आणि नसीमबाई पश्चिमेच्या भिंतीशी भागाकार. माझी मुले कवितेला मान डोलवीत होती आणि उत्तरे भागाकाराची देत होती.

नसीमबाईंनी खडू खाली ठेवला. “गुरुजी, असं नाही जमत. एकानं पुढं शिकवावं, एकानं मागं उभं राहावं.”

“मागे उभे राहून काय करायचे?”

“नाही समजलं की हात वर करायचा.”

“लटकाच?”

“लटका काऊन? खरंच नाही समजलं, तवाच!”

तोच आमचा नियम झाला.

*

दुसऱ्याच दिवशी मी जलचक्र शिकवीत होतो. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वर्षण, एकेक संज्ञा मी नीट घडवून मांडली आणि समाधानाने विचारले, “समजले?”

“होऽऽऽ!” सारा वर्ग गर्जला.

मागच्या भिंतीपाशी हात वर झाला. “गुरुजी, मले नाही समजलं.”

मी पुन्हा सांगितले. हात पुन्हा वर. तिसऱ्या वेळी मी संज्ञा बाजूला ठेवल्या आणि चुलीवरच्या भांड्याचे झाकण काढले की काय दिसते, तिथून आरंभ केला. तेव्हा कुठे तो हात खाली आला.

सुट्टीत तिसरीतली वैष्णवी नसीमबाईंजवळ गेली. ही मुलगी वर्गात कधी चकार शब्द बोलत नसे. बाईंच्या कानाशी लागून ती म्हणाली, “मॅडम, मलेबी नव्हतं समजलं. पण तुमी चांगल्या धीट हायत!”

*

मग मागे उभे राहण्याची पाळी माझी आली. नसीमबाई वऱ्हाडीतून अपूर्णांक शिकवीत होत्या. त्यांच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द मला सुधारावेसे वाटले आणि मी हात वर केला.

“बोला गुरुजी, काय नाही समजलं?”

“समजले सगळे. फक्त एक दुरुस्ती...”

“मंग हात खाली घ्या. हात नाही समजलं त्याच्यासाठी हाय. समजलं त्याच्यासाठी नाही!”

वर्ग खदखदून हसला. हे वाक्य आता मुलांच्या तोंडी बसले आहे. कोणी शेखी मिरवू लागला की चारही बाजूंनी आवाज येतो, “हात खाली घे बे!”

*

पालकसभेला वैष्णवीचे वडील, गजाननराव, तावातावाने आले. “गुरुजी, तुमी पोरीले हे काय शिकवून राह्यले?”

“काय झाले?”

“मी पोराले रागावून राह्यलो होतो. ही मागून आली अन् हात वर केला. म्हणे, बाबा, मले नाही समजलं, दादाचं काय चुकलं?”

“मग?”

“मंग काय! पुन्हा सुरुवातीपासून सांगा लागलं. अन् सांगता सांगता मलेच समजलं, का त्याचं काही चुकलंच नव्हतं!”

सभा हसली; सर्वांत मोठ्याने स्वतः गजाननराव. आम्हां दोघांना मात्र एकच गोष्ट टोचली. ज्या मुलीचा हात घरी वर गेला, तिचा हात शाळेत अजूनही मांडीखाली दडपलेलाच होता.

*

एकदा नसीमबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. एकट्याने शिकवणे हा माझा जुनाच व्यवसाय. म्हटले, आज निर्विघ्न पाठ होईल. दिशा शिकविल्या, नकाशा काढला, “समजले?” म्हणून विचारले आणि वाट पाहत उभा राहिलो.

मुले माझ्याकडे पाहत होती, मी मागच्या भिंतीकडे.

शेवटी एकाला माझी दया आली. “गुरुजी, मॅडम जळगावले गेल्या नं!”

*

आणि मग चौथीच्या खोलीवर नवे पत्रे चढले. रंग लागला, दाराला कुलूप आले. खोली तयार, तर वर्ग वेगळे बसवा, असा निरोप आला. आम्ही विनंती केली की आहे तसेच राहू द्यावे. तेव्हा गटशिक्षणाधिकारी स्वतः निर्णय करायला आले.

“दोन वर्ग, दोन शिक्षक, दोन खोल्या,” साहेब म्हणाले. “यात न समजण्यासारखं काय आहे?”

नव्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि टेबलावर ठेवली. “मुलांना मी स्वतः पाहतो. तुम्ही दोघं बाहेर थांबा.”

आम्ही व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिलो. नसीमबाई हळूच म्हणाल्या, “गुरुजी, गेलं आपलं दुकान!”

साहेबांनी दिवस आणि रात्र कशी होते ते शिकविले. निष्पक्षपणे सांगतो, सुरेख शिकविले. फळ्यावर सूर्य, पृथ्वी, बाण, सारे रेखीव. मग त्यांनी विचारले, “समजलं?”

“होऽऽऽ!”

साहेबांनी किल्ली उचलली.

तेवढ्यात वैष्णवी उठली. बाकांमधून चालत ती मागच्या भिंतीपाशी, नेमक्या आमच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला.

“साहेब, मले नाही समजलं.”

नसीमबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

“काय नाही समजलं, बाळ?”

“पृथ्वी फिरते, तं आपल्याले फिरल्यासारखं काऊन वाटत नाही?”

“पृथ्वी फार मोठी आहे, म्हणून.”

हात खाली आला नाही. “मोठी हाय, तं काऊन नाही वाटत?”

साहेबांनी फळ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, हातातल्या किल्लीकडे पाहिले. “तू अशी मागे का जाऊन उभी राहिलीस?”

“पुढं एक, मागं एक लागते साहेब. तुमी एकलेच आले.”

साहेब तडक दाराशी आले. आम्ही बाजूला सरलो. पण त्यांचे लक्ष आमच्याकडे नव्हते. चिंचेखाली जीपला टेकून चालक उभा होता.

“अहो सुभानराव, आत या! मागे उभे राहा.”

सुभानराव गोंधळून आत गेले, चपला दाराशी काढल्या आणि वैष्णवीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिने मान वर करून त्यांना नियम सांगितला. साहेबांनी पाठ पुन्हा सुरू केला. सूर्य, पृथ्वी, बाण.

सुभानरावांचा हात वर गेला.

“साहेब, मले तं सुरुवातीपासूनच नाही समजलं!”

साहेबांनी सगळा फळा पुसला. मग खिडकीशी येऊन गजांतून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“गुरुजी, त्या खोलीत तांदळाची पोती ठेवा. आणि तुम्ही दोघं बाहेर का उभे? मागे जागा आहे.”