दहावं घर

नवव्या घरापुढे माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. पिण्याच्या पाण्याच्या पाहणीसाठी मी वस्तीतल्या दर दहाव्या घरी माहिती विचारत होतो.

"मावशी, तुमचं घर यादीत नाही. शेजारचं लिहिलं की त्यात तुमचंही आलं."

"शेजारणीची पोर जुलाबातनं उठली, बाबा. माझी नाही उठली."

संख्याशास्त्राचा मी ऋणी आहे. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधराला, म्हणजे मला, त्यानंच नोकरी दिली. मनाला वाटेल ते घर निवडलं तर सगळा अंदाज चुकतो, हेही मला पटतं. मोजणीला कुणाची दया येत नाही, म्हणून तर ती खरी. तिथे उभा असताना मलाही दया आली नाही.

त्यांनी पोरीचं नाव सांगितलं. मी ऐकून घेतलं, लिहिलं नाही, आणि शेजारचं दार वाजवलं.