लिटल विकनमच्या सहा घंटा

लिटल विकनम सोडलं त्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी होती आणि निरोपाला अर्धं गाव. पबवाल्याने वाटेसाठी सँडविचेस बांधून दिली होती, पोस्टातल्या बाईंनी माझ्या लेकीचे, इराचे, गाल ओढून लाल केले होते. फक्त शेजारची बार्बरा आली नव्हती. विमान चुकेल म्हणून नवरा, सुधीर, घाई करत होता. टॅक्सीत बसले आणि चर्चच्या घंटा सुरू झाल्या. एरवी सहा घंटा वाजतात, त्या दिवशी पाचच. तिसरीच्या पाळीला वाजवणारे तेवढी जागा रिकामी सोडत होते. ती घंटा माझी होती. ड्रायव्हरसमोर मी मोठमोठ्याने रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आता सिंगापुरात मराठी मंडळी भेटली की विचारतात, "गाव कुठलं?" मी त्या इंग्रजी खेड्याचं नाव सांगते आणि ती हसतात. हसा! पुण्यात जन्मले, वाढले, हे मी कुठे नाकारतेय? पण आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विकनममध्ये कुणाच्या कुत्र्याचं पोट बिघडलंय हेसुद्धा दुपारपर्यंत कळायचं.

गेलो ते काही प्रेमाने नव्हे. सुधीरची नोकरी जवळच्या शहरात आणि परवडेल असं घर या गावात, इतकंच. एक चर्च, एक पब, एक पोस्ट, एक हॉल. पहिल्या हिवाळ्यात घरात बसून डोकं फिरायची वेळ आली. तेव्हा बार्बराने विचारलं, "घंटा वाजवायला येशील का? आमचा एक माणूस कमी आहे." ती सत्तरीची, निवृत्त शिक्षिका आणि घंटा वाजवणाऱ्यांची प्रमुख. मी म्हटलं, त्यात काय, लहानपणापासून वाजवतेय! चर्चच्या मनोऱ्यात गेले, सवयीने बूट दाराबाहेर काढले, देवळात देतो तसा दोराला एक हिसका दिला आणि दोर सोडून चक्क हात जोडले. दोर छतापर्यंत उसळला आणि खोलीभर फटके मारू लागला. सगळे भिंतीला चिकटले. बार्बराने तो कसाबसा पकडला. मग तिने समजावलं, की वर अवजड घंटा उलटी उभी असते आणि घंटा फिरत असताना दोर हातातून सुटू द्यायचा नसतो.

त्या खोलीत भिंतीवर जुन्या वाजवणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या होत्या. लोहार, दूधवाले, एकाच घरातल्या तीन पिढ्या. महायुद्धात या घंटा बंद होत्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या असा हुकूम होता. तो हुकूम उठला त्या दिवशी बार्बराच्या आईने हाताला फोड येईपर्यंत वाजवल्या. घंटांना गाण्याची चाल नसते. प्रत्येक फेरीत क्रम बदलतो, म्हणून सतत दुसऱ्याच्या हाताकडे बघावं लागतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी शिकलीस ती चर्चमध्ये घंटा बडवायला?" पण पुढे दर बुधवारी, सरावाच्या दिवशी, तीच फोन आवरता घ्यायची, "जा, तुझी माणसं खोळंबली असतील."

आम्ही इथे सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये बऱ्यापैकी रुळलो होतो, तेवढ्यात बार्बराचा व्हॉट्सॲप आला. चर्चला लागून घर घेतलेल्या एका नव्या गृहस्थांना आवाजाचा त्रास होत होता. बुधवारचा सराव आणि रविवारच्या घंटा, दोन्ही बंद करा, अशी त्यांची मागणी. त्यासाठी हॉलमध्ये गावाची सभा होती. मी कळवलं, मी बोलणार.

"तुझा आता काय संबंध?" सुधीर म्हणाला. इराने आयपॅडवरून मान न उचलता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "सो फार अवे लाह, आई. व्हाय बॉदर?" आमच्या ढोलपथकातली वंदनाही म्हणाली, "अगं, त्यांचं ते बघतील." तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. गणपतीच्या सरावाची तक्रार झाली, तेव्हा जुरोंग ईस्टपासून पासिर रिसपर्यंत, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जागा शोधत हीच वंदना वणवण फिरली होती. मी म्हटलं, "ढोल तुझा, तसा तो दोर माझा."

शनिवारी तिथली सकाळ, इथली संध्याकाळ. हॉलमधल्या चहाच्या टेबलावर बार्बराने आयपॅड उभा केला, त्याच्या पडद्यावर मी. ते गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाले, "माफ करा, पण या बाई सिंगापूरला राहतात."

"राहते ना," मी म्हटलं. "पण घंटा तुमच्या शेजारी आल्या नाहीत, तुम्ही घंटांच्या शेजारी आलात. त्यांना गप्प करायला याआधी महायुद्ध लागलं होतं."

हॉलमध्ये कुणीतरी टेबल बडवलं. अध्यक्षांनी मत घेतलं. घंटा वाचल्या, बुधवारचा सराव तेवढा अर्ध्या तासाने कमी झाला, आणि त्या अर्ध्या तासाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घर म्हणजे काय, हे मला त्याच सभेत कळलं. घंटांच्या बाजूचे हात वर करा, असं अध्यक्षांनी सांगितल्यावर मीही केला. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि अवघडून म्हणाले, "तुमचा धरता येणार नाही हो."

"नका धरू," मी म्हटलं. "पण मी खाली घेणार नाही."