हाराखालचं कुलूप

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून कच्चं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे हातात खुरपं आलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून हे लिहून ठेवते आहे. चूक दिसेल तिथे समजून घ्यावं.

खंडेनवमीचा दिवस होता. माझ्या हातात औक्षणाचं तबक होतं, तबकात निरांजन पेटलेलं होतं, आणि आमचे सुपरवायझर बोरस्ते सर माझ्यापुढे हात पसरून उभे होते.

"किल्ली द्या, सुमनताई. मुहूर्त चाललाय."

मागे शेठ, शेठाणी आणि सगळी शिफ्ट उभी होती. किल्ली माझ्या गळ्यात होती, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात. ती द्यावी की नाही, हे मला ठरवता येईना.

आमचा कारखाना सिन्नरच्या बाजूला आहे. लासलगावकडून कांद्याच्या गाड्या येतात, आम्ही तो धुतो, चिरतो, वाळवतो. मी सॅनिटेशनला आहे, म्हणजे मशीनची सफाई. सगळ्यात मोठं मशीन वॉशर. जाळीचा मोठा ड्रम, आडवा ठेवलेला. तो फिरतो आणि आत कांदे लोळत धुतले जातात. माणूस आत आरामात बसू शकतो. सफाईला आम्हाला आतच बसावं लागतं, कारण टरफलं जाळीत अडकून कुजतात.

आत माणूस असताना कोणी मशीन चालू केलं तर काय होईल, ते लिहायला नको. म्हणून लॉकआउट असतं. आत जाण्याआधी पॅनलवरचा मेन खटका खाली करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं. किल्ली आपल्याच गळ्यात. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत खटका वर जात नाही. ड्रमचं दार हवेवर चालतं, त्यामुळे हवेचा कॉकही बंद करायचा आणि नळीत उरलेली हवा सोडून द्यायची. मेंटेनन्सचे आहेर अप्पा आम्हाला शिकवताना म्हणाले होते, "वीज बंद केली म्हणजे मशीन मेलं असं समजू नका, बायांनो. ते झोपलेलं असतं. म्हैस झोपेतही लाथ मारते."

हे सगळं आम्ही पाळत होतो. मग फोटो आले.

कंपनीने ठरवलं की कुलपाबरोबर टॅग लावायचा आणि टॅगवर त्या बाईचा फोटो, म्हणजे आत कोण आहे ते लांबून दिसेल. गेटवर उभं करून सगळ्यांचे फोटो काढले. बायकांनी एकमेकींची चेष्टा केली. "तुझा फोटो बघून मशीन आपोआप बंद पडेल, खटक्याची गरजच नाही," असं चाललं होतं. पण टॅग हातात आल्यावर हसणं थांबलं. जिवंत माणसाचा फोटो खटक्याला टांगायचा, हे कोणालाच बरं वाटेना. बाकीच्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन लावला. मंगलने नाही लावला.

मंगल माझी जोडीदार. आम्ही दोघी एकाच गावच्या, एकाच टेम्पोने येणाऱ्या. तिचा नवरा दोन वर्षांमागे गेला. ती सरांना म्हणाली, "घरात भिंतीवर एक फोटो हाय, सर. तेवढा पुरे. दुसरा मी नाय टांगणार." सरांना वाटलं, ही उगाच अडून बसते. वाद झाला आणि मंगलने टॅग सरळ फाडून टाकला. सरांनी तिचं कुलूपही काढून घेतलं आणि टॅग-कुलपाचे पैसे पगारातून कापले. "फोटो लावशील तेव्हा कुलूप मिळेल," म्हणाले.

काम मात्र बंद झालं नाही. मंगल माझ्याबरोबर ड्रममध्ये येतच राहिली. "तुझं कुलूप हाय ना? मग झालं. आपण काय वेगळ्या हाय का?" मला ते बरोबर वाटत नव्हतं. पण सरांकडे जाऊन बोलणं मला जमलं नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. त्या दिवशी उत्पादन बंद, सकाळपासून धुणं-पुसणं, मग हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ, आणि शेवटी शेठ स्वतः बटण दाबून वॉशर सुरू करतात. शेडमध्ये रांगोळी काढलेली म्हणून सगळ्यांची पायताणं दाराशी काढायला लावली होती. आम्ही दोघी ड्रममध्ये शेवटचा हात फिरवत होतो. बोरस्ते सर बाहेरून ओरडले, "सुमनताई, लवकर या! शेठ आले, औक्षणाला कोणी नाही."

औक्षणाला सवाष्ण लागते. म्हणून मला हाक आली, मंगलला नाही. हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं.

मी म्हटलं, "चल, तूही बाहेर पड."

"तू हो पुढं. मी एवढं पुसते आन् जाते कॅन्टीनला. तिथं माझं काय काम?"

मी घाईत बाहेर आले, हात धुतले, पदर सारखा केला. नियमाने बाहेर येताना आपलं कुलूप काढायचं असतं. घाईत ते राहून गेलं. हे मी दहा वेळा मनात घोळवलं आहे. मी नियम पाळला असता तर त्या दिवशी त्या खटक्यावर एकही कुलूप नसतं.

तबक घेऊन पुढे आले तेव्हा पॅनल दिसलं. कोणीतरी मेन खटक्यालाच झेंडूचा जाड हार घातला होता. माझा टॅग त्याच खटक्याला लटकलेला. हाराच्या मधोमध माझा फोटो. हार घातलेला. हातातलं निरांजन हललं म्हणून शेठाणी म्हणाल्या, "अगं, सांभाळून."

आरती झाली. नारळ फुटला. सरांनी हाराखाली हात घालून खटका वर करायला घेतला आणि तो अडकला. तेव्हा त्यांना कुलूप दिसलं.

"किल्ली द्या, सुमनताई. मुहूर्त चाललाय."

मी म्हटलं, "मंगल दिसत नाही."

"असेल कॅन्टीनला."

"बघून येऊ का?"

"आत्ता?" सर हळू पण दात दाबून बोलले. "शेठ उभे आहेत. तुम्ही बाहेर आहात ना? कुलूप तुमचं आहे ना? मग काढा."

त्यांचं बोलणं नियमाला धरून होतं. कुलूप माझं, मी बाहेर. मला तर मंगलने स्वतः सांगितलं होतं की कॅन्टीनला जाते. मी उगाच खोळंबा करते आहे असं मलाच वाटायला लागलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आवर गं बाई, प्रसाद थंड होतोय." एरवी कोणी आत असेल तर ड्रमच्या तोंडाशी तिचे गमबूट दिसतात. मी मान लांब करून पाहिलं. तिथे बूट नव्हते. माझा एक हात तबकावरून सुटून गळ्याकडे गेलाही.

मग आठवलं, आज बूट तिथे नसणारच. आज सगळ्यांचे बूट दाराशी आहेत.

मी दाराकडे पाहिलं. पायताणांचा ढीग होता. त्यात मंगलचे पांढरे गमबूट होते, डाव्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं काळं ठिगळ लावलेले. कॅन्टीन पटांगणाच्या पलीकडे आहे आणि पटांगणात गिट्टी पसरलेली आहे. दुपारच्या उन्हात त्या गिट्टीवरून अनवाणी कोणी जात नाही.

मी हाक मारली, "मंगल!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. स्पीकरवर आरत्या अजून चालूच होत्या. अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय समजले कोण जाणे, जाऊन स्पीकर बंद केला. मग मी पुन्हा ओरडले. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

उत्तर आलं नाही.

"बघा, नाहीये," सर म्हणाले. "अप्पा, कटर आणा. कुलूप कापू, पैसे मी देतो."

अप्पा हलले नाहीत. "थांबा, सर."

तेव्हा मला ड्रमवरचा हार दिसला. निरांजन विझू नये म्हणून शेडमधले पंखे बंद होते. वारा नव्हता. पॅनलवरचा हार स्थिर होता. ड्रमवरचा हार हलत होता.

तबक खाली ठेवू नये म्हणतात. मी ठेवलं. रांगोळीवर पाय पडला तरी थांबले नाही. ड्रमच्या मागून तोंडाशी गेले आणि आत वाकले. मंगल पार टोकाला, कानाला स्कार्फ बांधून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातात फडकं. माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, गप म्हणून.

"बाहेर ये आधी! हाक ऐकू आली नाही का तुला?"

"आली की. पूजा सुरू झाली, मधून कशी जाऊ? वाटलं, उगं तोंडदेखलं बोलवतेत. म्हनून गप बसले."

"अगं, मशीन चालू करत होते!"

"कसं करतील?" ती म्हणाली. "तुझं कुलूप हाय ना."

अप्पांनी तिला हात देऊन बाहेर काढलं. तिच्या केसांत कांद्याची टरफलं होती. सगळी शिफ्ट बघत होती. बोरस्ते सर कपाळ पुसत होते, तरी घाम थांबत नव्हता.

शेठांनी विचारलं, "हिचं कुलूप कुठंय?"

सर म्हणाले, "ती लावत नाही, सर. फोटोवरून अडून बसली."

"फोटोवरून? काय आहे फोटोत?"

मंगलने पॅनलकडे बोट केलं. "ते बघा की, शेठ. ती सुमन जिती हाय अजून."

सगळ्यांनी पॅनलकडे पाहिलं. माझा फोटो हार घालून बसला होता. शेठाणी पुढे आल्या आणि त्यांनी तो हार स्वतः उतरवला. म्हणाल्या, "हे कोणी घातलं? बघितलं नाही का?" कोणी कबूल झालं नाही.

मग मंगल माझ्याशेजारी उभी राहिली, मी दोऱ्यातली किल्ली काढली आणि कुलूप माझ्या हाताने उघडलं. मुहूर्त टळून गेला होता. शेठांनी बटण दाबलं. रिकामा ड्रम खडखड फिरला. रोज ऐकते मी तो आवाज, त्या दिवशी ऐकवेना. औक्षण मीच केलं. मंगल हात धुऊन मागे जाऊन उभी राहिली, नेहमीसारखी. त्यात काही बदल झाला नाही.

बाकी थोडं बदललं. फोटो गेले. आता टॅगवर मोठ्या अक्षरात नाव असतं आणि प्रत्येकीच्या कुलपाचा वेगळा रंग. रंग जिचा तिने निवडायचा. मंगलने हिरवा मागितला. अप्पांनी काही न विचारता दिला. आता खटका वर करण्याआधी प्रत्येकीला नावाने हाक मारतात आणि ती समोर येऊन दिसल्याशिवाय पुढे जात नाहीत. माझ्यापुरतं मी एवढंच शिकले की शेजारणीकडून विरजण मागावं, कुलूप मागू नये.

राहिले मंगलचे कापलेले पैसे. सर म्हणाले, मिळतील. दिवाळीच्या पगारात कुलपाचे मिळाले, टॅगचे नाही. टॅग तिने फाडला होता, असं ऑफिसचं म्हणणं. मंगल दर पगाराला ऑफिसच्या खिडकीशी उभी राहायची. "सर, माझं टॅगचं?" मी म्हणायचे, सोड गं, केवढे ते पैसे. ती म्हणायची, "थोडे हाय म्हनूनच. जास्ती असते तर सोडले असते."

संक्रांतीनंतरच्या पगाराला बोरस्ते सर स्वतः ड्रमपाशी आले. आम्ही दोघी आत होतो. खटक्यावर दोन कुलपं होती, एक पिवळं, एक हिरवं. सरांनी ड्रमच्या तोंडातून पाकीट आत धरलं. मंगलने हातमोजे काढले, ओले हात पदराला पुसले आणि जाळीतून येणाऱ्या उजेडात नोटा मोजल्या.

"पूर्ण हाय, सर," ती म्हणाली, पाकीट कमरेला खोचलं आणि फडकं उचललं.