नातीला मांडीवर घेऊन पाहिलेला सामना

लग्न होऊन आल्यापासून सुनेनं माझ्याकडं एकदाच काही मागितलं, तेही स्वयंपाकघराच्या दाराआडून. "मामा, शुक्रवारी आमची मॅच हाय. एकदा येऊन बघा. बघून नाय म्हणलात तर मी गुमान सोडून देते."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. ही पोर लग्नाआधी बास्केटबॉल खेळायची. मुलगी वर्षाची झाली तसं तिनं शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात नाव घातलं, तिथवर ठीक होतं. मग ती कॉलेजच्या संघात गेली. रोज संध्याकाळी हिचा सराव आणि घरी नात दाराशी 'आई, आई' करत उभी. बायको भांडी आदळायला लागली. मुलगा वाळूजच्या कंपनीत पाळ्या करतो. तो म्हणाला, "अण्णा म्हणतील तसं." बायकोही म्हणाली, "तुम्हीच काय ते ठरवा." एरवी चहात साखर किती घालायची हेसुद्धा मला कुणी विचारत नाही, पण वाईटपणा घ्यायची वेळ आली की मी घरचा कर्ता. खरं सांगायचं तर मी नाहीच म्हणणार होतो. फक्त न बघता नाही म्हटलं असं व्हायला नको, म्हणून जायचं कबूल केलं.

माझी सगळी नोकरी सोयगाव तालुक्यातल्या शाळांत गेली. निवृत्तीनंतर शहरात, मुलाकडं पुंडलिकनगरला आलो, पण वागणं गावाकडचंच राहिलं. सून स्वयंपाकघरात असली तर मी दाराबाहेर खाकरतो, ती ओढणी डोक्यावर घेते, मग मी आत जातो. तिच्याशी बोलतानाही मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो. यात राग नसतो, लोभ असतो. पण ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही.

शुक्रवारी बायको अजिंठ्याला भावाकडं गेली होती. मी नातीला घेऊन रिक्षानं निघालो. सोबत पिशवीत बिस्किटं, पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड आणि सुनेची सूचना: सगळ्यात वरच्या पायरीवर बसा. "तिला मी दिसले की ती रडंल मामा, अन् ती रडली की माझ्या हातून खेळ व्हायचा नाय."

मैदान सिमेंटचं, एका अंगाला पायऱ्या. त्या पोरापोरींनी गच्च भरलेल्या. कुणी रिकामा डबा बडवत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. मी कोपऱ्यात जागा धरली, नातीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही संघ मैदानात आले. सात नंबरची आमची सून, हे तिनं सांगून ठेवलं होतं. बिनबाह्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी, केस वर आवळून बांधलेले. माझी मान आपोआप खाली गेली. मुलींच्या कबड्डीचे संघ मी स्वतः तालुक्याला नेले आहेत, मला हे कपडे नवीन नव्हते. पण त्या विद्यार्थिनी होत्या. ही सून.

तर मी सामना बघायला गेलो आणि स्वतःच्या चपला बघत बसलो. सामना सुरू झाल्याचं मला कानानं कळलं. चेंडूचा धप्प धप्प आवाज इकडून तिकडं जायचा, मध्येच थांबायचा, आणि थांबला की सगळ्या पायऱ्या श्वास रोखायच्या. नंतर एकतर आरोळी उठायची, नाहीतर 'अरेरे'. नातीनं आईला कधीच ओळखलं होतं. "आई," ती म्हणाली. मी घाईघाईनं बिस्किट पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. रडलीही नाही.

मग मी तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. बघायला दुसरं होतंच काय! दोन वर्षांचं लेकरू, एरवी एका जागी जेवायला बसत नाही, ते माझ्या मांडीवर पुतळ्यासारखं बसलं होतं. चेंडू पळाला की मान पळायची. उंच गेला की हनुवटी वर, तोंड उघडं. तिच्या चेहऱ्यावर इतका मोठा अचंबा होता की मला स्वतःची लाज वाटायला लागली. या पोरीला असं काय दिसत होतं, जे माझ्या नशिबात नव्हतं?

शेजारी हिजाब घातलेली एक कॉलेजची मुलगी बसली होती. अर्धा खेळ संपून मधली सुट्टी झाली तशी तिला राहवेना. "चाचा, मॅच तो उधर है. आप नीचे क्या ढूँढ रे?"

"मेरी बहू खेल रही है," मी माझ्या शाळामास्तरी हिंदीत म्हणालो. "सात नंबर."

"हौ? फिर तो देखो ना चाचा! क्या खेल री वो!"

मी हसण्यावारी नेलं. खेळ पुन्हा सुरू झाला. पुन्हा चपला, पुन्हा नातीचं तोंड. आणि एकाएकी तिचा चेहरा बदलला. ओठ थरथरले. "आई पल्ली," ती म्हणाली, आणि मर्यादा वगैरे आठवायच्या आत माझी मान वर झाली.

सून सिमेंटवर पालथी पडली होती. गुडघ्यातून रक्त येत होतं. मी उठलोच, पण ती माझ्याआधी उठली. गुडघा हातानं पुसला आणि ओरडली, "माझ्याकडं काय बघता? जागा धरा आपापल्या!" हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. घरात दाराआडून बोलणारी पोर ती हीच! तिच्या एका शब्दावर चार धिप्पाड मुली पळत जागेवर गेल्या.

तिला पाडलं म्हणून तिला दोन मोकळे फेक मिळाले. पायऱ्या चिडीचूप झाल्या. नातीनं माझं बोट घट्ट धरलं. पहिला चेंडू जाळीतून सरळ खाली आला. दुसरा कडीवर आपटून बाहेर उडाला, आणि बाकीच्यांना कळायच्या आत सून त्या गर्दीत वर गेली होती. मी सांगतो, ती वर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. सगळ्यांचे हात तिच्या कोपराखाली. तिनं तो चेंडू वरच्या वर धरला आणि तिथूनच पुन्हा आत टाकला. मी साठी ओलांडलेला माणूस नातीला कडेवर घेऊन पायरीवर उभा राहिलो आणि बोंबललो. काय बोंबललो ते आठवत नाही. त्यानंतर मी एकदाही खाली बघितलं नाही, आणि तिचे कपडे कसे होते हे शेवटपर्यंत ध्यानातही राहिलं नाही.

तीन गुणांनी हरल्या त्या.

लोक पांगल्यावर ती पायऱ्या चढून वर आली. पूर्ण बाह्यांचं जाकीट, खाली लांब पँट, आणि डोक्यावर पदरासारखा घेतलेला टॉवेल. नातीनं तिच्याकडं झेप घेतली. तिनं लेकीला छातीशी धरलं आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "हरलो मामा. सांगा मग, काय ठरवलं?"

"मी पहिला अर्धा खेळ बघितलाच नाय," मी म्हणालो. "मान खाली घालून बसलो होतो. चूक माझी. अर्ध्यावरनं निकाल कसा देऊ? पुढची मॅच कधी हाय?"

तिनं लेकीला कडेवर सारखं केलं. मग म्हणाली, "हाय पुढच्या महिन्यात. पण लई लांब हाय मामा, नांदेडला."

"असू दे. तुझ्या सासूला पण घेऊन येतो. पुढं बसू आम्ही, एकदम खालच्या पायरीवर."