घरी राहिलेली

माणूस समोर आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. मग हळूहळू नजर वर न्यायची, तोंडापर्यंत पोचेतो तिचं मत झालेलं असायचं. मग खालचा ओठ थोडा वाकडा करून म्हणायची, "हौ, मोठा आला." पुढे काय आला ते माणसागणिक बदलायचं. मोठा आला साहेब, मोठा आला देणारा, मोठा आला शायना. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला ती आवडत नाहीत, कारण त्यांचं बरोबर निघतं.

माझी तिची ओळख भिलाई पावर हाउस स्टेशनच्या तिकीट खिडकीवरची. मी आत, ती बाहेर. धमध्याकडच्या एका गावात तिची थोडीशी जमीन होती. पाणी आभाळाचं, पीक एकच, धान. कापणी झाली की घराला कुलूप लागायचं आणि सगळी निघायची नागपूरकडे, वीटभट्टीवर. सोबत नवरा, म्हणजे तिच्यामागे गाठोडं घेऊन गप्प उभा असलेला माणूस, आणि एक लहान पोरगी. म्हातारी सासू तेवढी मागे राहायची, ओसरीत, तांदळाच्या कणगीजवळ.

माणसं नेणारा ठेकेदार होता. त्याला सगळे सरदार म्हणायचे. पांढरे बूट घालायचा. भर पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलं की तो गावात यायचा, हातावर पैसे ठेवायचा आणि हिवाळ्यात त्या पैशाच्या बदल्यात अख्खं कुटुंब उचलून न्यायचा. सगळ्यांची तिकिटं तोच एकदम काढायचा. पण ही बाई खिडकीशी येऊन आपली तिकिटं आपल्या हातात मागायची.

"त्याच्यापाशी राहू दे ना," मी पहिल्या वर्षी म्हणालो.

"कावून? मी का बकरी आहो, त्यानं दोरी धराले?"

छत्तीसगढच्या बाईच्या तोंडून चक्क आमची नागपुरी ऐकून मी चष्मा वर केला. भट्टीवर शिकली म्हणाली. शिव्या आधी शिकली होती, बाकीची भाषा मागाहून आली. गावच्या माणसांना फारशी कळत नसल्यामुळे त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायला तिला ती फार सोयीची पडायची. सरदाराला मात्र कळायची. त्याच्या देखत ती जरा मोठ्याने बोलायची.

मग सरकारने बायकांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे टाकायला सुरुवात केली. तुम्हाला ठाऊकच आहे त्यावर काय काय बोललं गेलं. आमच्या नेहरू नगरात सकाळी फिरायला जाणारे आम्ही काही जण, सगळे पेन्शनीत निघालेले किंवा निघायच्या बेतात असलेले. बाकावर बसून चहा पीत एकमेकांना सांगायचो की फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो. एक निवृत्त अधिकारी तर दर पहिल्या तारखेला, बँकेत पेन्शन जमा झाल्याचा मेसेज वाचून झाला की हटकून हा विषय काढायचे. "अब खेत में कौन उतरेगा?" असं ते विचारायचे. त्यांच्या स्वतःच्या पायाला चिखल कधी लागला होता, ते मात्र कोणी विचारायचं नाही.

त्या हिवाळ्यात सरदाराची टोळी स्टेशनवर आली, तेव्हा ती त्यात नव्हती. मला वाटलं, आजारी पडली असेल, नाही तर भट्टीवरच काही बरंवाईट झालं असेल. सरदाराला विचारलं तर तो फुरंगटून म्हणाला, "सब मालकिन हो गई हैं, बाबू." एवढं बोलून बूट आपटत गेला.

ती भेटली भिलाईतल्याच सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात. ताडपत्रीवर लाल भाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मी भाव विचारला, तेव्हा आवाजावरून मला ओळखलं असावं, कारण माझ्या चपलांवरची नजर न उचलताच म्हणाली, "बाबू, मोठी जुडी नेजा, लहान सडून राहिली."

मी विचारलं, "यंदा गेली नाही?"

"नाही गेली."

जुड्या निवडता निवडता तिने सांगितलं. सरदार पावसात आला होता, नेहमीसारखा. अंगणात खाट टाकून बसला आणि नवऱ्याच्या हातात नोटा ठेवल्या. ती आतून आली.

"मी म्हटलं, वापस घे. तो म्हणे, कावून, यंदा पोट नाही का तुले? मी म्हटलं, हाय ना. पण यंदा त्यात भात हाय."

"नवरा काय म्हणाला?"

"तो काय म्हणन? त्याची मूठ तशीच बंद. घाबरला होता. मंग मीच एक एक बोट उघडलं, आन नोटा खाटेवर ठेवल्या."

हे सांगताना तिचा आवाज थोडा उतरला. नवऱ्याबद्दल बोलताना तो एवढाच एकदा उतरलेला मी ऐकला.

मी म्हणालो, "म्हणजे सरकारने चांगलं केलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच सरकार. "हौ, मोठं आलं सरकार. वोट पाहिजेन त्याले. इतके वर्सं कुठं होतं? त्या पैशात काय येते? तेल येते, मीठ येते, पोरीची चप्पल येते. आन बुढीलेही भेटते ना, तिचा गुडाखू येते. सरकारचा पैसा बुढी दाताले घासते." गुडाखू म्हणजे दाताला लावायची तंबाखूची पेस्ट. सासूच्या त्या चैनीवर ती जेवढी चिडायची, तेवढीच ती डबी आणायला विसरायची नाही. डबी मी तिच्या पिशवीत पाहिली होती.

घरी राहणं तसं सोपं गेलं नाही. लग्नानंतरचा तो त्यांचा गावातला पहिला उन्हाळा. नवरा दिवसभर तळ्याच्या पाळीवर बसून राहायचा, मग सुपेल्याला रोजीवर येऊ लागला, कधी काम मिळायचं, कधी नाही. परसातली विहीर आटली, भाजी जळाली. दोघं खूप भांडली. भट्टीवर भांडायलाही वेळ नसतो, असं ती म्हणाली. पोरगी मात्र वर्षभर एकाच शाळेत गेली आणि परीक्षेला बसली. पास झाली का विचारलं, तर म्हणाली, "झाली. मास्तरलेच विश्वास नाही बसला, मोठा आला मास्तर."

जूनमध्ये, तोवर मी रिटायर झालो होतो, तिने बाजारात माझ्या पिशवीत दोन आंबे टाकले. घरच्या अंगणातल्या झाडाचे. ते झाड तिच्या लग्नाआधीपासूनचं. पण आंबा पिकायच्या दिवसांत ही दर वर्षी भट्टीवर, आणि फळं खायचे शेजारी. इतक्या वर्षांत तिने ते पिकलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"आंबट हाय," ती म्हणाली. "मी उगाच समजून होती का गोड असन. शेजारी साले सांगतही नव्हते."

आंबा खरंच आंबट होता. आम्ही त्याचा मेथांबा केला.

पुढे कुठल्याशा सरकारी दफ्तराच्या लोकांनी तिला हेरलं. बोलायला तेज बाई म्हणून. सुपेल्यात मोठा मंडप पडणार होता, पैसे मिळणाऱ्या बायकांना गाड्यांतून आणणार होते, आणि हिला स्टेजवर बोलायचं होतं. "या पाहाले," म्हणाली, "मले नवी साडी देऊन राहिले." मी गेलो. पुढे सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बायका, सगळ्या एका रंगाच्या साड्यांत. दफ्तरातल्या एका मुलीने तिला चार वाक्यं पाठ करून दिली होती, ती मुलगी स्टेजखाली उभी राहून ओठ हलवत होती.

माइकवाल्याने विचारलं, "बहनजी, बताइए, इस पैसे से आपने क्या किया?"

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग माइक जवळ घेतला आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, "कुछु नइ. घर म रहेन." काही नाही केलं. घरी राहिलो.

माइकवाला हसला. "मतलब, कोई दुकान? सिलाई मशीन?"

"नइ. घर म रहेन."

सोफ्यांवरचे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना वाटलं, बाई गांगरली. मागच्या खुर्च्यांवर मात्र इतका वेळ चाललेली कुजबुज बंद पडली. त्यातल्या कितीतरी जणींना मी स्टेशनवर गाठोड्यावर बसलेलं पाहिलं होतं.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "थोडं समजावून सांगायचं होतं."

"यायले काय समजावू? घर सोडून गेले असते तर समजलं असतं." साडीची घडी नीट करत ती गाडीकडे निघाली. नंतर त्या कार्यक्रमाची फिल्म लोकांच्या मोबाइलवर फिरली. तिच्या जागी दुसऱ्याच एका बाईचं शिलाई मशीन दाखवलं होतं. तिला परत कोणी बोलावलं नाही. साडी मात्र तिने परत केली नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला नागपूरला जात होतो. कामठीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. रुळाच्या बाजूला भट्टी, धूर, आणि वाकून आत शिरावं लागेल अशा खोपट्यांची रांग. भट्टीवर माणसं काही कमी नव्हती. एक बाई डोक्यावर विटा घेऊन, मान ताठ ठेवून उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी उठून दाराशी गेलो. गाडी हलली तशी ती वळली.

ती नव्हती. दुसरीच कोणी होती. तिच्या पायाशी एक लहान पोरगी मातीत बसली होती.

मी जागेवर येऊन बसलो.