साळूबाईनं बसवलेली सील

उमरठच्या साळूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात धरला तो नवऱ्याचा हात मोडला म्हणून.

नवरा रावजी. पलटणीत मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा. सुटून आला तेव्हा लष्कराच्या लिलावातली एक जुनी गाडी घेऊन आला. शेती डोंगरउताराची, नाचणी-वरीची, तेवढ्यावर भागेना. मग वाड्यावाड्यांतून अंडी गोळा करून महाडच्या बाजारात पोचवायचं काम त्यानं धरलं. करंडी भरायची साळूबाई. खाली भाताचा तूस, त्यावर अंडी, पुन्हा तूस. ती करंडी रावजी आपल्यापुढं टाकीवर बांधायचा.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर अंडी जास्त फुटायला लागली.

"तूस कमी घालतेस," रावजी म्हणाला.

तिनं तूस वाढवला, तरी तेच. मग एकदा गाडी अंगणात उभी असताना तिनं वाकून बघितलं. पुढच्या चाकाला धरणारे दोन्ही नळे ओले होते आणि त्यांवर धुळीचा लगदा बसला होता.

"अवो, गाडीला तेल सुटलाय."

"सील गेल्या असतील," रावजी म्हणाला. त्या नळ्यांतलं तेल खड्ड्यांचा धक्का खातं आणि नळ्याच्या तोंडाशी बसवलेली रबराची कडी, म्हणजे सील, ते तेल अडवून धरते. "पांडूला सांगतो मुंबईवरनं धाडायला."

पांडू तिचा भाऊ, लालबागला कारखान्यात होता. सील येईपर्यंत गाडी उभी ठेवा, असं ती म्हणाली. रावजीनं ऐकलं नाही. तेल ओघळत पुढच्या ब्रेकात शिरलं. पोलादपूरच्या अलीकडं उतारावर समोर बैलगाडी आली, ब्रेक लागलाच नाही, आणि रावजी करंडीसकट दरडीवर जाऊन आदळला. डावा हात मनगटाच्या वर मोडला.

प्लास्टर निघालं तेव्हा शिमगा जवळ आला होता. क्लच दाबता येत होता, पण पाना पिळायला गेलं की हातातून कळ जायची. पांडूनं धाडलेल्या सील आणि ब्रेकाचे पट्टे फळीवर पडून होते. महाडला मेस्त्री होता. पण ब्रेकाविना गाडी तिथवर न्यायची कशी?

"मी खोलते," साळूबाई म्हणाली.

"तुला काय ठावं त्यातलं?"

"तुमी सांगा. पर वरडायचा नाय. वरडलात तर मी उठंन."

दोघांनी गाडीच्या पोटाखाली लाकडाचा ओंडका सारून पुढचं चाक उचललं. साळूबाईनं पदर खोचला. चाक निघालं, मडगार्ड निघालं. नळ्याच्या बुडाचा स्क्रू सोडल्यावर काळं, जळकट वासाचं तेल परातीत आलं. सीलवरची गोल टोपी काही केल्या फिरेना. रावजी पुढं झाला, हात लावला आणि "आई गं" म्हणून मागं सरला. तिनं पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, त्यावर अंगाचा भार दिला, तेव्हा ती सुटली.

जुन्या सील कडक होऊन चिरल्या होत्या. नव्या सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला ठेवायची, तेल लावायचं, वर लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी सारखं ठोकायचं. रावजी सांगत गेला, ती करत गेली. नळ्यांत नवं तेल भरलं, ब्रेक धुऊन त्याला नवे पट्टे बसवले. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रावजी नदीपर्यंत फेरी मारून आला. उजवा नळा कोरडा होता. डावा पुन्हा ओला.

"वाकडी ठोकलीस," तो म्हणाला.

साळूबाई उठली. विळा घेऊन गवताला गेली. दुपारी परत आली तरी रावजी गाडीपाशीच बसलेला होता, एका हातानं चाकाचा नट सोडायची खटपट करत. तिनं त्याच्या हातातून पाना घेतला.

सील काढून बघितली. सरळच बसली होती, पण कड एका जागी फाटली होती. साळूबाईनं सीलमधून वरखाली सरकणाऱ्या आतल्या गुळगुळीत नळ्यावरून बोटं फिरवली, मग नख फिरवलं. एका जागी नख अडलं.

"हितं बघा. खरबरीत हाय."

दरडीवर आपटताना दगड लागून तिथं बारीक धार उठली होती. नवी सील वरखाली होताना तीच तिला कापत होती. रावजीनं अंगठा फिरवून बघितला.

"हे मी आदी बघाया पायजे व्हता," तो म्हणाला. "तुजा काय चुकला नाय गो."

पांडूनं एक सील जास्तीची धाडली होती. साळूबाईनं ती धार पॉलिश पेपरनं घासली, नख सरळ सरकेपर्यंत घासली, आणि नळा केरोसीननं धुऊन सील पुन्हा बसवली. या वेळी मात्र आठवडाभर गाडी चालवून बघितल्यावरच करंडी बांधायची, असं तिनं ठरवलं. रावजीनं ते मुकाट्यानं ऐकलं.

अंडी पुन्हा महाडला जाऊ लागली. फुटायची ती थोडीफार फुटतच, रस्ताच तसा होता. पुढं रावजीचा हात बरा झाला, तरी पुढचे नळे खोलायचं काम साळूबाईकडंच राहिलं. त्याच्या हाताला ते जमत नाही, असं तो सांगायचा. खरं तर जमत होतं.

काही वर्षांनी त्यांनी गाडी नाते गावच्या गोमाजीला विकली. सील कोण बदलतं म्हणून त्यानं विचारलं, तर रावजीनं बायकोकडं बोट केलं. गोमाजीला ती थट्टा वाटली. पण पुढं तेल सुटलं तेव्हा त्यानं उमरठला निरोप धाडलाच. साळूबाई एसटीनं नात्याला गेली, पिशवीत आपला ठोकळा घेऊन. काम झाल्यावर गोमाजीच्या बायकोनं तिला जेवायला वाढलं. हातांचा काळेपणा नीट गेला नव्हता, म्हणून जेवताना ती जरा लाजली, एवढंच.